टाकीतली वाफ आणि कोळशाची डबी

जळालेल्या पेट्रोलचा धूर आपल्याला दिसतो. न जळता उडालेलं पेट्रोल दिसत नाही. आपल्या जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत वाफ साचते. जुन्या गाड्यांत ती झाकणाच्या बारीक भोकातून सरळ हवेत जायची.

1950च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं दाखवलं, की अशी वाफ आणि गाड्यांचा धूर यांवर ऊन पडलं की डोळे चुरचुरवणारं धुरकं बनतं. कॅलिफोर्नियानं 1970च्या गाड्यांपासून वाफ अडवणं सक्तीचं केलं. युक्ती साधी होती: सक्रिय कोळशाची डबी. गाडी उभी असताना कोळसा वाफ धरून ठेवतो, इंजिन सुरू झालं की ती ओढून जाळतं.

आपल्याकडे 1 एप्रिल 2020पासून भारत स्टेज सहा लागू झालं. त्यात नव्या पेट्रोल दुचाकीला वाफेच्या चाचणीत 1.5 ग्रॅमची मर्यादा आहे. पण पंपावर आपण ‘काठोकाठ भर’ म्हणतो, तेव्हा पेट्रोल थेट डबीत शिरू शकतं आणि कोळसा निकामी होतो. मग डबी असूनही आपण 1970च्या मागेच राहतो.