भंडारदऱ्याचें पाणी व डोंगरांतील माणूस

प्रवरेच्या पाटाचें पाणी आपल्या शेतांतून वाहतांना आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. परंतु तें कोठून येतें व त्यासाठीं कोणाची भूमि बुडाली, हा विचार आमच्या मनांत क्वचितच येतो. महोत्सवाच्या ह्या प्रसंगीं आपण मागें वळून पाहत आहों. तेव्हां ह्या ऋणाचेंही स्मरण करणें योग्य होईल.

अकोले तालुक्यांत रतनगडाच्या उतारावर प्रवरा उगम पावते. ह्या खोऱ्याच्या भोंवतीं महाराष्ट्रांतील सर्वांत उंच असें कळसूबाईचें शिखर आणि हरिश्चंद्रगड उभे आहेत. येथें महादेव कोळी व ठाकर लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. खाचरांत भात करावा, उतारावर वरई व नागली पेरावी, उन्हाळ्यांत झाडांच्या फांद्या छाटून राब भाजावा, आणि त्या राखेंत रोप वाढवावें, अशी त्यांची रीत. वरकस जमीन कांहीं वर्षें पिकवून मग पडित टाकीत, म्हणजे तिचा कस भरून येई. माणसें थोडीं व डोंगर मोठा होता, तोंवर हें सुरळीत चाललें.

पुढें सावकार व सरकार ह्या दोहोंचा जांच वाढला. त्याविरुद्ध ह्याच तालुक्यांतील राघोजी भांगरे ह्यांनीं बंड केलें. त्यांना सन १८४८ मध्यें ठाणें येथें फांशी झाली. सन १८७८ च्या जंगल कायद्यानें सह्याद्रींतील पुष्कळ रानें राखीव ठरलीं, आणि ज्या रानांत बापजाद्यांनीं राब तोडला, तेथें नातवास गुन्हेगार म्हणून उभें राहण्याची पाळी आली.

त्यानंतर धरण आलें. सन १९१० मध्यें भंडारदऱ्यास आरंभ झालेलें सुमारें २७० फूट उंचीचें हें काम सन १९२६ मध्यें पुरें झालें, व गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांचें नांव त्यास मिळालें. जलाशयांत सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी सांठतें. डोंगरी मुलखांत सपाट व कसदार भूमि नदीकांठींच असते. नेमकी तीच पाण्याखालीं गेली, आणि नांगर उतारावर चढला.

खालीं मात्र माळरान हिरवें झालें. ऊस आला, हरेगांवास साखर कारखाना निघाला, बेलापूर रोड स्टेशनाभोंवतीं श्रीरामपूर वसलें. रोजगारासाठीं आलेल्या लोकांत आपले ख्रिस्ती बांधवही पुष्कळ होते. आज ज्या हरेगांवीं मतमाउलीच्या यात्रेस आपण जातों, तो सारा मुलूख ह्याच पाटानें पोसला आहे. सन १९०१ च्या खानेसुमारींत नगर जिल्ह्याची वस्ती सुमारें ८ लक्ष ३८ हजार होती. सन २०११ मध्यें ती ४५ लक्ष ४३ हजार झाली. ही वाढ एकट्या पाटानें झाली असें नव्हे. परंतु पाटावांचून एवढीं माणसें ह्या अवर्षणाच्या प्रदेशांत नांदलीं नसतीं.

वस्ती वरही वाढली. पण तेथें जमीन वाढली नाहीं. भावाभावांत वांटण्या होऊन तुकडे झाले. पडित ठेवण्याचीं वर्षें कमी झालीं, उताराची माती पावसाबरोबर धुपून खालीं जाऊं लागली. सन १९८६ मध्यें कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालें. शेकरूसारख्या प्राण्यास आसरा मिळाला, हें चांगलेंच झालें. परंतु त्या हद्दींत गांवें होतीं व आहेत. सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्क मान्य केला. तरी पोटासाठीं पुष्कळ कुटुंबें अजूनही नारायणगांवच्या बाजूस मजुरीस जातात.

अलीकडे काजवे पाहण्यास, धबधबे पाहण्यास शहरांतून गाड्या येतात. त्यानें कांहीं घरांस चार पैसे मिळतात, हें खरें. पण रस्ते, तंबू व उपाहारगृहें वाढतात, दिव्यांच्या झोतांनीं काजवे बिचकतात, आणि पाहुण्यांचा कचरा रानांत राहतो.

"डोंगरकऱ्यानें जंगल खाल्लें," असें म्हणून आम्ही सहज मोकळे होतों. इतिहास निराळें सांगतो. रानासाठीं रेघ ओढली, पाण्यासाठीं भिंत घातली, प्राण्यांसाठीं हद्द आंखली. प्रत्येक वेळीं भूमि गेली ती त्याची, आणि पाण्याचा मोठा लाभ झाला तो खालच्यांस. तेव्हां राखण करण्याचा भार एकट्या त्याच्याच माथीं देणें न्यायाचें नव्हे. वाचकहो, पुढल्या वेळीं बारें धरतांना पाटाच्या वरच्या टोंकास कोण राहतो, हें एकदां आपल्या मुलांस सांगा. ऋण फेडण्याचा आरंभ तें ओळखण्यापासून होतो.