खोल भूकंपीय सर्वेक्षण : नंदुरबार व नर्मदा–तापी पट्टा

कृत्रिम स्फोटांतून निघालेल्या कंपनतरंगांच्या साहाय्याने भूकवचाची अंतर्रचना व तिच्यातील प्राचीन विरूपण जाणून घेण्याची भूभौतिकीय पद्धती. नंदुरबार जिल्ह्यासारख्या प्रदेशात तिला विशेष महत्त्व आहे. कारण सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टाने येथील जुनी रचना झाकून टाकली आहे.

पद्धती : जमिनीत सुरुंग उडवून दूरवर मांडलेल्या भूकंपग्राहींवर तरंग पोहोचण्याचा काळ नोंदतात. त्यावरून थरांची खोली व त्यांतील तरंगवेग काढतात. बेसाल्टात हा वेग सेकंदाला सुमारे ५ किमी., ग्रॅनाइटी पायात सुमारे ६ किमी., तर प्रावरणाच्या माथ्याशी सुमारे ८ किमी. असतो. बेसाल्टाखालच्या गाळखडकांत मात्र तो कमी होतो. अशा मंद थराच्या माथ्यावरून अपवर्तित तरंग पृष्ठभागाकडे परतत नाहीत, त्यामुळे तो थर नोंदीत लपून राहतो. बेसाल्टातील तरंगांचे अचानक क्षीण होणे, पायावरून येणाऱ्या तरंगांना लागलेला विलंब, परावर्तित तरंग व गुरुत्वमापन यांची सांगड घालून त्याचा शोध घेतात.

सर्वेक्षणे : हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९७२ मध्ये सोव्हिएट सहकार्याने कावली–उडुपी रेषेवर भारतातील या कामाची सुरुवात केली. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपानंतर महाराष्ट्रात गुहागर–चोरोची व केळशी–लोणी या रेषा घेतल्या गेल्या. नंदुरबारच्या पूर्वेकडून जाणारी थुआदरा–सेंधवा–सिंदाड रेषा नर्मदा व तापी या दोन्ही नद्या ओलांडते. के. एल. कैला व सहकाऱ्यांनी तिच्या नोंदींवरून बेसाल्टाखाली मध्यजीव महाकल्पातील गाळाचे खोरे असल्याचे अनुमान काढले. काही ठिकाणी त्याची जाडी सुमारे २ किमी. भरते.

विरूपणाचा इतिहास : कवचातील जुन्या दुर्बल रेषांवर ताण पडून भूभाग खचला व खळग्यांत गाळ साचला. त्यावर लाव्हा पसरला. पुढे दाबामुळे काही विभंग उलट दिशेने सरकले. ताणाचा पुरावा पृष्ठभागावरही दिसतो : नंदुरबार–धुळे भागातील बेसाल्टी भित्ती (भेगांत शिलारस थिजून झालेल्या उभ्या खडकपट्ट्या) मुख्यतः पूर्व–पश्चिम दिशेने धावतात. हेतु शेठ व सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात अशा दोनशेहून अधिक भित्तींची नोंद असून सर्वांत लांब भित्ती सुमारे ७९ किमी. आहे. शहादा तालुक्यातील उनपदेवचे उष्ण झरे याच पट्ट्यात आहेत.

महत्त्व : सातपुड्यातील १४ मार्च १९३८ चा आणि जबलपूरचा २२ मे १९९७ चा हे दोन्ही भूकंप याच पट्ट्यात, कवचाच्या बऱ्याच खोल भागात झाले. प्राचीन विभंग अद्याप निष्क्रिय झालेले नाहीत, हे त्यांवरून दिसते. सरदार सरोवराचे पाणी अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या नर्मदाकाठापर्यंत आलेले असल्याने भूकंपधोक्याच्या मूल्यमापनासाठी या खोल रचनेचे ज्ञान आवश्यक ठरते.