लठ्ठपणा, व्यायाम आणि पुरुषांची प्रजननक्षमता

लठ्ठ पुरुषांची प्रजननक्षमता आहारनियंत्रण व नियमित व्यायामाने सुधारू शकते. मात्र ही सुधारणा सावकाश होते आणि घटलेले वजन टिकले तरच टिकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) महाराष्ट्रातील जवळजवळ चारांपैकी एक पुरुष अतिवजनी वा लठ्ठ आढळला.

मेदपेशींतील अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे पीयूषिका ग्रंथीकडून वृषणांना मिळणारी चालना मंदावते. मांड्यांभोवतीच्या चरबीने वृषणांचे तापमानही वाढते.

डेन्मार्कमधील एका अभ्यासात (२०२२) ५६ लठ्ठ पुरुषांनी आठ आठवडे रोज ८०० किलोकॅलरींचा आहार घेतला. वजन सरासरी १६.५ किलो घटले, शुक्राणूंची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. पुढे वर्षभर काहींना व्यायाम, काहींना औषध, तर काहींना दोन्ही देण्यात आले; ज्यांनी वजन राखले, त्यांच्यातच ही वाढ टिकली. शुक्राणू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. साहजिकच, पंधरा दिवसांच्या व्यायामानंतर केलेली वीर्यतपासणी काहीच सांगत नाही.

पीळदार शरीरासाठी घेतलेली अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडे नेमका उलटा परिणाम करतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पीयूषिका वृषणांना संदेश देणे थांबवते. शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात.

अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे वा स्त्रीकडील कारणासह, आढळते. तरीही मराठीत ‘वांझ’ हा शब्द स्त्रीलाच चिकटला आहे. तिच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालतात आणि पुरुषाची साधी वीर्यतपासणी अनेकदा सर्वांत शेवटी होते.