खर्जाचा कर्णा : कोपऱ्यापासून भिंतीपर्यंत

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे गाव विडी कामगारांच्या वसाहतींमुळे सर्वपरिचित झाले आहे. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत येथे 2006 साली कामगारांच्या स्वाधीन झाली. रे नगरातील नियोजित तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांचे वाटप 19 जानेवारी 2024 रोजी झाले. लहान घरांच्या अशा दाट वस्तीत मिरवणुकीचा खर्ज भिंती भेदून आत येतो, तेव्हा तो निर्माण करणाऱ्या लाकडी खोक्याची घडण कशी झाली हे पाहणे अगत्याचे ठरते.

कर्णा हे मुळात काटकसरीचे साधन होय. ध्वनिक्षेपकाचा पडदा मोकळ्या हवेत हलला तर त्यास पुरेसा विरोध मिळत नाही. विजेचा जेमतेम शंभरावा हिस्सा ध्वनिरूप होतो, उरलेली उष्णतेत जाते. पडद्यापुढे क्रमाने रुंदावणारी नळी जोडली की हवेचा भार त्यावर येतो व हा हिस्सा अनेक पटींनी वाढतो. तुतारी फुंकणाऱ्यास जे अनुभवाने ठाऊक होते, त्याचे समीकरण आर्थर वेबस्टर यांनी 1919 साली प्रसिद्ध केले. बोलपटांच्या आरंभकाळी विवर्धकांची शक्ती थोडी असे. चित्रगृह भरून टाकण्याचे काम कर्ण्यानेच केले.

खर्जाची अडचण मात्र निराळी. 40 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटर भरते. कर्ण्याच्या मुखाचा परीघ साधारण तेवढा असावा, म्हणजे व्यास 2.7 मीटर, शिवाय नळीचे क्षेत्रफळ दर 47 सेंटीमीटरला दुपटीहून वेगाने वाढता कामा नये. असा कर्णा सरळ ठेवावयास घर पुरणार नाही. तो घडी घालून खोक्यात बसविण्याची युक्ती बेल प्रयोगशाळेने 1933 साली फिलाडेल्फियाचे वाद्यवृंदवादन वॉशिंग्टनला ऐकविताना योजिली होती. पॉल क्लिप्श यांनी पुढचे पाऊल टाकले. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती व जमीन हीच कर्ण्याचा पुढचा भाग होतात आणि मुख आठव्या हिश्शाने भागते. त्यांचा लेख 1941 साली, एकस्व 1943 साली. रचना छापून आल्यामुळे प्लायवूड व करवत जवळ असलेल्या हौशी मंडळींना ती घरी करून पाहता आली.

मिरवणुकीत कोपरा नसतो. उघड्या जमिनीवर वरील हिशेबाने सुमारे तीन चौरस मीटरचे मुख लागते. अर्ध्या चौरस मीटर मुखाची सहा खोकी चिकटून रचली की ते सिद्ध होते, कारण खर्जापुरती ती एकच मुख म्हणून वागतात. वाहनावर उभी राहणारी भिंत निव्वळ दिखाऊ नव्हे, तिला हे भौतिक कारण आहे. फरक इतकाच की, आज वीज व विवर्धक दुर्मीळ राहिलेले नाहीत. अपुरी शक्ती पुरवून वापरण्यासाठी शोधलेली रचना मुबलक शक्तीस जोडली गेली. महाराष्ट्रात या भिंतीस ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी 1965 साली लंडनमध्ये स्थापिलेल्या संस्थेची कीर्ती ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्यामुळे झाली, हे लक्षात घेता नावाचा हा प्रवास मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

भारतातील ध्वनिप्रदूषणविषयक नियम 2000 सालचे. निवासी क्षेत्रासाठी त्यांत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु ती ‘ए’ भारमापनाने मोजावयाची. या मापनाचे मूळ हार्वे फ्लेचर व मन्सन यांच्या 1933 च्याच श्रवणवक्रांत आहे, आणि वॉशिंग्टनच्या त्या प्रयोगाचे सूत्रधारही फ्लेचरच होते. मंद आवाजात कानास खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून हे मापन 40 हर्ट्झपाशी सुमारे 35 डेसिबल वजा करते. मोठ्या आवाजाला ही वजावट लागू पडत नाही. तरीही कुंभारीच्या एखाद्या घराच्या दाराशी त्या स्वराची पातळी 90 डेसिबल भरली, तर केवळ त्या स्वरापुरते नियमाचे यंत्र 55 च्या आसपासच आकडा दाखवील.