अंगणात आलेली शाळा

पनवेलमध्ये आमच्या बचत गटांच्या बैठकीत नर्सरीच्या फीसाठी कर्जाची मागणी हमखास येते. ‘अंगणवाडीत नुसती खिचडी मिळते,’ असं काही जणी म्हणतात. म्हणून अंगणवाडी आली कुठून, ते आज सांगतो.

1945 साली ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. माँटेसरी पद्धत ताराबाईंना ठाऊक होती, पण तिची महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी! 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये वाढलं. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांमुळे अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं.

म्हणजे अंगणवाडीची सुरुवात शिकवण्यासाठीच झाली. तेव्हा कर्जाचा अर्ज भरण्याआधी आपल्या अंगणवाडीत तासभर बसून या. मुलं खेळतात का, गाणी म्हणतात का, गोष्टी ऐकतात का, ते पाहा. नसेल होत, तर चारचौघी मिळून विचारा. ती आपल्याच मुलांसाठी आहे.