कमानीचे लाकूड

वेशीची कमान, घड्याळाची कमान, मशिदीची कमान असे आपण सहज बोलून जातो. हा फारसी शब्द मराठीच्या अंगवळणी इतका पडला आहे की त्याचा मूळ अर्थ धनुष्य, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. धनुष्य गेले, शब्द मागे राहिला. आमच्या पालमकडे मात्र एक कमान अगदी अलीकडेपर्यंत कामावर होती. ती कुणा शिपायाच्या हाती नव्हती, पिंजाऱ्याच्या खांद्यावर होती. तिचा इतिहास लिहायचा तर सुरुवात लाकडापासूनच करावी लागते.

धनुष्य वाकते तेव्हा त्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. एकाच लाकडाला हे दोन्ही सोसावे लागते. म्हणून केवळ मजबूत लाकूड पुरत नाही, ते वाकून पुन्हा जागेवर येणारे हवे. रेषा सरळ हव्यात, गाठ नको. पाठीकडचा तंतू कुठे तुटला तर धनुष्य नेमके तिथेच फाटते. तोडलेले लाकूड उन्हात घाईने वाळवले तर त्याला चिरा पडतात. ते सावलीत सावकाश वाळावे लागते. हे शहाणपण कोणत्याही एका जमातीचे नाही. जिथे जिथे माणसाने धनुष्य केले, तिथे तिथे त्याला हे शिकावे लागले.

अरबांनी त्यासाठी डोंगरातली झाडे पारखली. नबअ, शिरयान आणि शौहत ही लाकडांची नावे जुन्या अरबी काव्यात आणि कोशांत येतात. काही भाषापंडितांच्या मते ही तिन्ही एकाच झाडाची नावे. डोंगरमाथ्यावर वाढले तर ते नबअ, खाली उतारावर आणि पायथ्याशी वाढले तर उरलेली दोन. मान मोठा नबअचा. झाड तेच, पण कोणत्या मातीत वाढले यावर त्याचे मोल ठरते, असा याचा अर्थ. हदीसमध्ये बाणाचे पुण्य एकट्या सोडणाऱ्याला दिलेले नाही. चांगल्या हेतूने तो घडवणारा आणि हाती देणारा हेही त्यात वाटेकरी आहेत. आपल्या इतिहासाने सोडणारा लक्षात ठेवला. घडवणारा तो विसरला.

आपल्या मुलखात या कामाचे लाकूड म्हणजे धामण. फालसा ज्या कुळातला, त्याच कुळातले हे झाड. लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून धनुष्याला चालते, कुऱ्हाडीच्या दांड्याला चालते आणि ओझे वाहायच्या काठीलाही चालते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. सातपुड्यातल्या भिल्लांनी बांबू पत्करला. कोरड्या डोंगरावर वाढणारा मानवेल जवळजवळ भरीव असतो. त्याची कांब तासून तिरकमठा होतो आणि दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची लावतात. बांबूची टणक साल पाठीकडे ठेवायची, कारण ताण तीच सोसते.

दख्खनच्या सुलतानांच्या काळात दरबारी धनुष्य निराळे होते. आत लाकडाचा पातळ गाभा, पोटाला शिंग, पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू आणि हे सगळे सरसाने सांधलेले. ते करणारा तो कमानगर. ही कमान आखूड असली तरी जोरकस होती. पण पावसाळी दमट हवा सरसाला मानवत नाही. हिंदुस्थानात पोलादी धनुष्ये झाली, त्याचे एक कारण हेच. पुढे बंदुकीने कमानगराचा धंदाच बुडवला. कच्छमधल्या कमानगरांनी कुंचला हाती घेतला आणि भिंतींवर चित्रे काढली. ती चित्रकला आजही कमानगरी म्हणूनच ओळखली जाते.

आता पालमकडे वळू. गोदावरीकाठचा हा काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. परभणी-नांदेडचा गावरानी कापूस एके काळी नावाजलेला होता. सरकी काढलेला कापूस दाबलेला असतो. तो मोकळा केल्याशिवाय त्याचा पेळू होत नाही की गादी भरता येत नाही. हे काम पिंजाऱ्याचे, आणि त्याचे हत्यार कमानच.

या हत्याराची गंमत अशी की त्यात लाकडाचे तीन स्वभाव एकत्र नांदतात. मुख्य दांडी पुरुषभर लांब. ती वाकायला नको. ताठ हवी, शिवाय हलकी हवी, कारण दिवसभर हाताने पेलायची असते. तिला बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याची तात ताणून बांधतात. ही दांडी वरून टांगायची ती बांबूच्या छोट्या कमठ्याला. त्याने मात्र वाकायलाच हवे, म्हणजे हाताचा भार हलका होतो. तिसरे लाकूड तातीवर मारायच्या ठोक्याचे. मध्ये मूठ, दोन्ही टोकांना गड्डे. इथे चिंच किंवा शिसवासारखे जड लाकूड हवे. ताठ, लवचीक आणि जड, यांतले एक चुकले तर तात बोलत नाही. तात बोलली नाही तर कापूस फुलत नाही.

युद्धाच्या कमानीवरून बाण सुटे. या कमानीची तात थरथरली की कापूस फुले आणि त्याची ऊब हिंदूच्या घरी जाई, मुसलमानाच्याही घरी जाई. इसवी सन ९२२ मध्ये बगदादला सुळावर गेलेल्या मन्सूर हल्लाजच्या नावातला 'हल्लाज' म्हणजे कापूस पिंजणारा. अनेक पिंजारी स्वतःला मन्सूरी म्हणवतात ते त्याच नात्याने. राजस्थानचे संत दादू दयाल हेही परंपरेने पिंजारीच मानले जातात.

तरीही आपल्याच लोकांत या कसबाला कमी लेखले गेले. सोयरीक जुळवताना खानदान विचारले जाते, हातातली कला विचारली जात नाही. दुसरीकडे, १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य होते म्हणून मराठवाड्यातला प्रत्येक मुसलमान जणू राज्यकर्ताच होता, असा समज बाहेर रूढ झाला. पालमच्या पिंजाऱ्याने कुठले राज्य केले? पाठीवर कमान घेऊन तो गावोगाव फिरला, कापसाची धूळ छातीत भरून घेतली आणि दुसऱ्याची थंडी घालवली. तलवारीच्या इतिहासात त्याला जागा नाही. जागा द्यायची असेल तर ती आपणच द्यायला हवी.

पुढे पिंजण्याची यंत्रे आली, फोमच्या गाद्या आल्या आणि तातीचा आवाज थांबला. अनेक घरांत ती दांडी चुलीत गेली असेल, काही ठिकाणी माळ्यावर पडली असेल. वाचकहो, तुमच्या घरी ती असेल तर खाली काढा. लाकूड कशाचे ते सुताराला दाखवून विचारा. प्रत्येक भागाला घरात काय म्हणत ते आजी-आजोबांकडून लिहून घ्या. लाकूड पारखण्याची अक्कल ही विद्याच होती. ती आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातात होती, हे सांगताना आपण मान खाली घालायचे कारण नाही.