किटलींतून गेलेले मासे

श्रोतेहो, इतिहास म्हणजे स्वाऱ्या आणि तह, अशी माझ्या विद्यार्थ्यांची समजूत असे. आज मी आपणांस एका कॉफीच्या किटलीचा इतिहास सांगणार आहें.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत सिएरा नेवाडा ही सुमारें ४०० मैल लांबीची पर्वतरांग आहे. तिच्या माथ्यावर हिमनद्यांनीं खडक कोरून केलेलीं असंख्य तळीं आहेत. खालच्या नद्यांतील माशांची वाट उभ्या धबधब्यांनीं अडविली होती; त्यामुळें ६,००० फुटांवरील बहुतेक तळ्यांत मासा म्हणून नव्हता. तेथें राज्य होतें तें पिवळ्या पायांच्या बेडकांचें.

१८७६ सालीं कर्नल शर्मन स्टीव्हन्स यांनीं मल्की नांवाच्या ओढ्यांतील दहाबारा सोनेरी ट्राउट मासे कॉफीच्या किटलींत घातले आणि कॉटनवुड ओढ्यांत नेऊन सोडले. तेथें त्यांची लाकूड कापण्याची गिरणी होती. मासे रुजले, वाढले, आणि पुढें त्याच वंशाचीं अंडीं दूरदूरच्या तळ्यांसाठीं नेण्यांत आलीं.

याच सुमारास डोंगरांत पायीं भटकण्याची आवड लोकांत वाढत होती. १८९२ सालीं सिएरा क्लब निघाला. जॉन म्यूर हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९०१ पासून क्लबाच्या वार्षिक पदयात्रा सुरू झाल्या. म्यूर १९१४ सालीं वारले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाच्या पायवाटेसाठीं राज्यानें १०,००० डॉलर मंजूर केले. सुमारें २११ मैलांची ही वाट १९३८ सालीं पुरी झाली. दिवसभर खिंडी चढावयाच्या, सायंकाळीं तळ्याकांठीं राहुटी ठोकावयाची, गळ टाकावयाचा आणि ताजा मासा विस्तवावर भाजावयाचा! थकलेल्या वाटसरूला याहून मोठी मेजवानी कोणती?

ही मेजवानी सर्वत्र मिळावी म्हणून सरकारी खात्यानें खेचरांवर दुधाचे डबे लादून त्यांतून माशांचीं पिल्लें वर नेलीं. पुढें तर विमानांतूनहि तीं तळ्यांत सोडलीं. ओसाड पाणी आपण वसविलें, असेंच सर्वांना वाटलें.

पण तें पाणी ओसाड होतें काय? या बेडकाच्या पिल्लांना शेपूट गळून बेडूक होण्यास दोनतीन वर्षें, क्वचित् अधिकहि लागतात. तितके हिवाळे तीं पाण्यांतच काढतात. म्हणून तळापर्यंत न गोठणारें खोल तळेंच त्यांना हवें. नेमकें तेंच माशांनाहि हवें! पाहुण्यानें यजमानाचीं पोरें खाल्लीं. ग्रिनेल व स्टोरर या प्राणिशास्त्रज्ञांनीं १९२४ सालींच योसेमिटीच्या प्राण्यांवरील आपल्या ग्रंथांत लिहून ठेवलें कीं, जेथें ट्राउट आहेत तेथें हे बेडूक विरळ आढळतात. तरीहि मासे सोडणें पुढें कित्येक दशकें चालूच राहिलें. त्यांत एका बुरशीच्या रोगाची भर पडली, आणि २०१४ सालीं या बेडकांना नष्ट होण्याच्या धोक्यांत असलेले म्हणून कायद्याचें संरक्षण द्यावें लागलें.

गोष्ट येथेंच संपत नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस किंग्ज कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानांतील कांहीं तळ्यांतले मासे जाळीं लावून काढण्यांत आले. थोड्याच वर्षांत तेथें बेडूक पुन्हा वाढले. इतर पुष्कळ तळ्यांत मासे आहेतच. प्रवासी तेथें गळ टाकतात आणि सुखानें जेवतात. त्या सुखाशीं माझें भांडण नाहीं, आणि कर्नलसाहेबांना मी दुष्टहि म्हणणार नाहीं. त्यांच्या किटलींत दुष्टावा नव्हता. प्रश्न विचारण्याची संवय मात्र नव्हती.

वर्गांत नकाशा काढतांना मला ज्या भागाची माहिती नसे तो मी कोरा ठेवीत असें. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, तेथें कांहींच नाहीं का?” मीं घाईनें म्हटलें, “नाहीं.” तें उत्तर आज मला बोचतें. तेथें गांवें होतीं, माणसें होतीं. कोरें होतें तें माझें ज्ञान. सिएरांतील तळ्यांविषयीं शहाण्यासुरत्या माणसांनीं हेंच उत्तर शंभर वर्षें दिलें, आणि त्याची किंमत बेडकांनीं भरली.